पहिली जुनी जर्मन गाडी घेताना : मर्सिडीज १९० की बीएमडब्ल्यू ई३०?

नोकरीसाठी जर्मनीत येऊन तीन-चार वर्षं झाली, भाषा जिभेवर बसली, इथलं लायसन्स हातात आलं, की आपल्यातल्या गाडीवेड्या माणसांची नजर गल्लीत उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांवर रेंगाळायला लागते. एखादी चौकोनी, नीटस मर्सिडीज. किंवा चार गोल दिव्यांची, नाक किंचित पुढे काढून उभी असलेली बीएमडब्ल्यू. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन दरवर्षी कुणीतरी मला बाजूला घेतं आणि विचारतं, "मलाही एक जुनी घ्यायची आहे. यांपैकी कोणती घेऊ?" दरवेळी तासभर बोलावं लागतं. तेच इथे सलग लिहितो आहे.

माझ्याकडे १९८९ सालची १९० ई २.० आहे, पाच गिअरची. माझ्या मित्राकडे ३२० आय, दोन दरवाजांची ई३०. गेली सहा वर्षं आम्ही गाड्यांची अदलाबदल करत दोन्ही भरपूर चालवल्या आहेत आणि दोन्हींच्या खाली झोपून हात काळे केले आहेत. हा लेख अगदी नवख्या माणसासाठी आहे, त्यामुळे एम३ (ई३० चं रेसिंगसाठी काढलेलं रूप) आणि सोळा व्हॉल्व्हवाल्या १९० बद्दल इथे फारसं काही नाही. त्यांच्या किमती वेगळ्याच दुनियेतल्या आहेत आणि पहिली जुनी गाडी म्हणून त्या घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी दोघींची ओळख

दोन्ही गाड्या १९८२ च्या अखेरीस बाजारात आल्या. मर्सिडीजने त्याआधी बरीच वर्षं एवढी छोटी गाडी काढलेली नव्हती, म्हणून १९० ला लोक लगेच 'बेबी बेंझ' म्हणायला लागले. कंपनीच्या आतलं तिचं नाव डब्ल्यू२०१. डिझाइनचे प्रमुख ब्रूनो साको. झिंडेलफिंगन आणि ब्रेमेनच्या कारखान्यांत १९९३ पर्यंत जवळपास १८ लाख ८० हजार गाड्या बनल्या. बीएमडब्ल्यूची ई३० ही तेव्हाची ३-सिरीज, क्लाउस लूथे यांच्या हाताखाली आकाराला आलेली. तिचा आकडा त्याहून मोठा, २३ लाखांच्या वर. सेदान, दोन दरवाजांची, कन्व्हर्टिबल आणि शेवटी टूरिंग म्हणजे स्टेशन वॅगन, अशा सगळ्या रूपांत ती निघाली. टूरिंगची गोष्ट मला फार आवडते. माक्स राइझबॉक नावाच्या बीएमडब्ल्यूच्याच कर्मचाऱ्याने कुटुंबाला गाडी पुरत नाही म्हणून एक ई३० मित्राच्या गॅरेजमध्ये सुटीच्या दिवशी कापून-जोडून वॅगन केली. ती पाहून कंपनीने तिचं उत्पादनच सुरू केलं. ती १९९४ पर्यंत बनत होती.

रेसिंगमध्येही दोघी समोरासमोर होत्या. १२ मे १९८४ ला न्यूरबर्गरिंगचा नवा ट्रॅक सुरू झाला तेव्हा नामांकित रेसर एकसारख्या १९० ई २.३-१६ घेऊन उतरले, आणि निकी लाउडासारख्या कसलेल्या रेसरला मागे टाकून जिंकला तो आयर्टन सेना. तेव्हा तो फॉर्म्युला वनमध्ये अगदी नवा होता. पुढे जर्मन टूरिंग कार स्पर्धेत एम३ ने १९८७ आणि १९८९ चं विजेतेपद घेतलं, तर १९९२ चं क्लाउस लुडविगच्या १९० ने.

आपल्याकडचा एक धागाही इथे जुळतो. १९९५ मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जुळायला लागली. ती डब्ल्यू१२४, म्हणजे १९० ची थोरली बहीण. मी तेव्हा शाळेत होतो. चिंचवडला सिग्नलला थांबलेल्या त्या गाडीचा दरवाजा बंद होतानाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो अजून कानात आहे. १९० च्या दरवाजाचा आवाज तोच आहे. मी ही गाडी घेण्यामागे त्या आवाजाचा वाटा मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझं माप थोडं कुठे झुकलंय ते तुम्हाला कळेल.

पायरी १ : मागच्या एक्सलपासून सुरुवात करा

दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालतात. इंजिन पुढे, मधून लांब शाफ्ट मागे, तिथे डिफरन्शियल. पद्मिनी आणि अँबॅसेडरही अशाच होत्या, पण त्यांचा मागचा एक्सल म्हणजे अख्खा एक दांडा, पाट्यांवर बसवलेला. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही कळायचं. १९० आणि ई३० मध्ये मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं. मात्र ते कसं हलतं यात दोघींचा सगळा स्वभाव आहे.

ई३० मध्ये प्रत्येक चाक एका रुंद, तिरक्या बसवलेल्या आर्मवर लटकतं. साधी, मजबूत रचना. चाक वर-खाली होताना मात्र त्याचा कल आणि दिशा दोन्ही थोडी बदलतात. वळणात असताना एकदम पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तर वजन पुढे जातं, मागचा भाग हलका होऊन वर उचलला जातो, चाकांची दिशा बदलते आणि शेपटी बाहेर सरकायला लागते. कोरड्या रस्त्यावर, जाणत्या हातात ही मजा आहे. पावसात, ऑटोबानच्या एक्झिटच्या गोल वळणावर, नवख्या हातात ती मजा राहत नाही.

१९० मध्ये मर्सिडीजने प्रत्येक मागच्या चाकाला पाच वेगवेगळे आर्म दिले. एक आर्म पुढे-मागे धरतो, दुसरा कल सांभाळतो, आणखी एक दिशा. चाक वर गेलं काय, खाली आलं काय, रस्त्यावर त्याची बैठक फारशी बदलत नाही. हीच रचना पुढे डब्ल्यू१२४ मध्ये गेली आणि पाच आर्मची ती पद्धत पुष्कळ कंपन्यांनी आपापल्या परीने उचलली. १९० वळणात शांत राहते. चूक केली तरी सावरायला वेळ देते.

स्टिअरिंगचं उलट आहे. ई३० चं रॅक-पिनियन स्टिअरिंग रस्ता थेट हातात आणून देतं. १९० चं जुन्या पद्धतीचं, बॉलवालं. मोठं चाक, सरळ असताना मधोमध किंचित सैल वाटणारं. पहिल्या दिवशी तुम्हाला ते बिघडलंय असं वाटेल. बिघडलेलं नसतं. लांबच्या प्रवासात तेच हातांना विश्रांती देतं.

म्हणून पहिली पायरी ही, की कुठलीही जाहिरात उघडण्याआधी दोन्ही गाड्या एकेकदा चालवून घ्या. कुणा ओळखीच्याकडून किंवा जुन्या गाड्या भाड्याने देणाऱ्यांकडून. आणि आजवर फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्याच चालवल्या असतील, तर एडीएसी या जर्मन मोटार क्लबच्या सेफ्टी ट्रेनिंगचा एक दिवस भरा. तिथे ओल्या, निसरड्या फरशीवर गाडी मुद्दाम घसरवून सावरायला शिकवतात. त्या एका दिवसात मला जे कळलं ते वर्षभरात रस्त्यावर कळलं नसतं. शिकण्यासारखं मुख्य एवढंच: ब्रेक वळणाआधी, वळणात पाय स्थिर, आणि पाय काढायचाच झाला तर हळूहळू.

पायरी २ : गाडी कशासाठी, ते ठरवा

फक्त रविवारी, एकट्याने किंवा जोडीने, श्वार्त्सवाल्डच्या डोंगराळ जंगलातल्या वळणांवर जायचं असेल तर ई३० कडे झुका. तिचा डॅशबोर्ड चालकाकडे वळवलेला, पुढचं टोक हलकं, गिअर छोटे आणि नेमके. आठवड्यातून दोनदा ऑफिसलाही न्यायची असेल, आई-बाबा उन्हाळ्यात येणार असतील, तर १९०. मागची सीट दोन्हींमध्ये अडचणीचीच आहे, १९० मध्ये जेमतेम जास्त बरी. आयसोफिक्स, म्हणजे मुलांची सीट अडकवायचे तयार हुक, दोन्हीत नाहीत, त्यामुळे मुलांची सीट सीटबेल्टने बांधता येणारीच लागेल. ती गाडी बघायला जातानाच सोबत न्या.

"पुढे भारतात परत जाताना घेऊन जाऊ" हा विचार आत्ताच सोडा. वापरलेल्या गाड्या आयात करण्याचे आपले नियम कडक आहेत, आणि इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे.

पायरी ३ : इंजिन निवडा

इथे मी सरळ माझी शिफारस सांगतो. १९० घ्यायची तर १९० ई २.०. चार सिलिंडर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह (धूर स्वच्छ करणाऱ्या उपकरणासह) ११८ पीएस, म्हणजे अश्वशक्ती. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला, चेन. सुटे भाग मुबलक, आणि बॉनेट उघडलं की हात घालायला सगळीकडे जागा. १९९० पासून आलेली १.८ थोडी मवाळ, पण वाईट नाही. सहा सिलिंडरची २.६ रेशमासारखी चालते, मात्र बॉनेटखाली जागा उरत नाही आणि हेड गॅस्केटपाशी ऑइल पाझरण्याची खोड तिला असते. २.० डिझेल ७२ पीएसची, आवाज दाबण्यासाठी इंजिन चारी बाजूंनी बंद केलेली. अमर आहे, पण चढावर ट्रकच्या मागे राहायची तयारी ठेवा.

ई३० मध्ये प्रश्न जरा नाजूक. तिचं खरं सौंदर्य सहा सिलिंडरमध्ये आहे. ३२० आय आणि ३२५ आयमधलं एम२० इंजिन. ३२० आयचा आवाज ऐकून मला दरवेळी वाटतं, आपण चुकीची गाडी घेतली की काय! पण या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्ट साधारण ६० हजार किलोमीटर किंवा चार-पाच वर्षांनी बदलायचा, जे आधी येईल ते. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वर्षंच आधी येतात. विक्रेता म्हणाला की "बेल्ट केलाय", तर बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट केलेला नाही असं धरून किमतीत पैसे कमी करा आणि गाडी घरी आली की पहिलं तेच काम करा. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र.

चार सिलिंडरमध्ये १९८७-८८ नंतरच्या ३१६ आय, ३१८ आयचं एम४० इंजिनही बेल्टवालं, आणि त्याचा कॅमशाफ्ट झिजण्यासाठी बदनाम. वरून टकटक आवाज आला तर सावध व्हा. त्याआधीचं एम१० चेनवालं, साधं, दणकट. ३१८ आयएसचं सोळा व्हॉल्व्हचं एम४२ सुंदर आहे आणि चेनवालं आहे, पण हे कळलेले लोक आता बरेच झाल्याने किंमत चढलेली असते.

किमतीबद्दल एकच सांगतो. त्याच अवस्थेतली ई३०, विशेषतः सहा सिलिंडरची दोन दरवाजांची किंवा कन्व्हर्टिबल, चार दरवाजांच्या साध्या १९० पेक्षा बरीच महाग पडते. एकाच पैशात तुम्हाला मध्यम ई३० किंवा चांगली १९० मिळेल. नवख्या माणसाने चांगली घ्यावी.

पायरी ४ : गंज. इथे घाई नको

इंजिनाचं काम निघालं तर ते होतं. गिअरबॉक्स दुसरा मिळतो. पत्रा सडला असेल तर मात्र पैसा नुसता ओतत राहावा लागतो, कारण हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर टाकलं जाणारं मीठ तीस-पस्तीस वर्षं सांध्यासांध्यांत शिरलेलं असतं. वरून रंग चकचकीत आणि आत खडबडीत तांबडी पूड, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी आधी रंगाकडे बघतच नाही.

सोबत न्यायच्या वस्तू: चांगला टॉर्च, जुन्या रुमालात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, गुडघ्याखाली घ्यायला गोणपाट किंवा जुनी चटई, आणि ज्याला नाही म्हणता येतं असा मित्र.

१९० पासून सुरुवात करू. १९८८ च्या फेरबदलानंतर तिच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या आल्या. जर्मन लोक त्यांना 'साको-ब्रेटर', म्हणजे साकोच्या फळ्या म्हणतात. दिसायला छान, पण गंज त्यांच्या मागे लपतो. खालच्या कडेला जॅक लावायच्या चार जागा आहेत, त्यांवर प्लास्टिकची छोटी झाकणं असतात. विक्रेत्याला विचारून ती चारही झाकणं काढा. आत टॉर्च मारा. राखाडी किंवा गाडीच्या रंगाचा कोरडा पत्रा दिसला, की जीव भांड्यात पडू द्या. मी पाहिलेल्या सातव्या गाडीत झाकण काढल्याबरोबर मातीसारखा ओला चुरा हातावर पडला. बोट आत घातलं तर जॅकची नळी जिथे असायला हवी तिथे काहीच नव्हतं. बाहेरून ती गाडी त्या दिवसातली सगळ्यात देखणी होती, बिस्किटी रंगाची, आतून एकही डाग नाही. विक्रेता गृहस्थ भला होता, त्यालाही ते ठाऊक नव्हतं. त्याने स्वतः वाकून पाहिलं, आणि बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला.

यानंतर पुढच्या मडगार्डच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा, आणि खालून मागच्या सस्पेन्शनचे आर्म जिथे अडकवलेत त्या जागा. पाच-पाच आर्म म्हणजे तेवढे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं. ते सगळे बदलायचे तर एका शनिवारात होत नाही. मागून गाडी सैल, डुलती वाटली तर हा खर्च समोर आहे असं समजा.

ई३० ला लपवायला पट्ट्या नाहीत, त्यामुळे तिचं दुखणं लवकर दिसतं. डिकी उघडा आणि मागच्या दिव्यांच्या आजूबाजूचा पत्रा आतून पाहा. दिव्यांच्या रबरातून पाणी आत झिरपतं आणि दोन्ही कोपऱ्यांत साचतं. सहा सिलिंडरच्या गाड्यांत बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते, तिच्या खालची थाळी ॲसिड आणि पाण्याने खाल्लेली आहे का तपासा. पेट्रोलच्या झाकणाभोवती, सिल्सच्या (दारांखालच्या पट्ट्यांच्या) टोकांना, मागच्या चाकांच्या कमानींवर चुंबक फिरवा. चुंबक चिकटत नसेल तिथे पुट्टी भरलेली आहे. सनरूफ असेल तर त्याच्या कडा आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बघा. बाटलीभर पाणी सनरूफच्या खोबणीत हळूच ओता आणि ते गाडीखाली पडतंय की आत गालिच्यावर, ते पाहा. आधी परवानगी घ्या, अर्थात.

पायरी ५ : थंड इंजिन, मग ट्रायल

भेटीची वेळ ठरवतानाच सांगा, "कृपया मी येण्याआधी गाडी सुरू करू नका." पोचल्यावर नमस्कार-चमत्कार झाले की पहिलं काम म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवणं. कोमट लागलं तर कारण विचारा. थंड इंजिनच खरं बोलतं.

१९० थंड असताना सुरू झाल्यावर क्षणभर चेनची खडखड येऊन थांबली तर ठीक. थांबलीच नाही तर चेनचं काम आहे. काही वेळ उभी ठेवून पुन्हा पाय दाबल्यावर मागून निळसर धुराचा भपका आला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. काम मोठं नाही, पण भाव करायला उपयोगी. आयडलिंगला आरपीएम वर-खाली डुलत असेल आणि एबीएसचा दिवाही लागलेला असेल, तर घाबरू नका. बॉनेटखाली बॅटरीजवळ एक रिले आहे, जास्तीच्या व्होल्टेजपासून यंत्रणेला वाचवणारा. त्याच्या आतले सोल्डरचे सांधे म्हातारे होतात. तो बदलला की पुष्कळदा दोन्ही लक्षणं एकदम जातात. विक्रेत्याने "इंजेक्शनचा मोठा प्रॉब्लेम आहे" म्हणून स्वस्तात काढलेली गाडी मी या एका रिलेवर ठीक झालेली पाहिली आहे. अर्थात दरवेळी तेवढंच नसतं. १९० चं बॉशचं केई-जेट्रॉनिक इंजेक्शन अर्धं यांत्रिक आहे आणि वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ते अडकून बसतं. ते नीट लावणारे मेकॅनिक पिकल्या केसांचे आहेत. गाडी घेण्याआधी तुमच्या गावाजवळ असा एक शोधून ठेवा.

ई३० मध्ये तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. काटा मध्यावर येऊन थांबला पाहिजे. काटे वेडेवाकडे नाचत असतील तर मीटरच्या आत सोल्डर केलेल्या छोट्या बॅटऱ्या संपलेल्या असतात, ते दुरुस्त होतं. ओडोमीटर चालू आहे ना, हे ट्रायलमध्ये एक किलोमीटर सरकतंय का यावरून खात्री करा. त्याची प्लास्टिकची दातेरी चाकं तुटतात आणि मग गाडी वर्षानुवर्षं 'कमी' चाललेली राहते. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या आर्मचे बुश.

दोन्ही गाड्यांमध्ये गिअर टाकून क्लच सोडताना मागून 'टक्' असा धक्का येतो का ऐका. शाफ्टच्या जोडाला रबराच्या जाड चकत्या असतात, त्या फाटतात. खालून टॉर्च मारला तर भेगा दिसतात.

१९० मध्ये पहिल्यांदा बसलात तर एक गोष्ट सांगून ठेवतो. इंडिकेटर, वायपर आणि डिपर सगळं डाव्या हाताच्या एकाच जाड दांडीवर आहे. उजवीकडे हात मारत राहाल. आणि पुढे वायपर एकच आहे, दुसरा तुटलेला नाही, मूळची रचनाच तशी आहे.

पायरी ६ : कागद

सर्व्हिसची वही, जुनी बिलं आणि मागच्या ट्यूफ तपासण्यांचे (इथल्या सक्तीच्या गाडी-तपासणीचे) रिपोर्ट. तिन्ही एका टेबलावर पसरा आणि किलोमीटरचे आकडे तारखांसोबत चढत्या क्रमाने जुळतात का पाहा. शक्य असेल तर सौदा करण्याआधी विक्रेत्यासह गाडी एखाद्या स्वतंत्र तपासणी केंद्रावर न्या. शे-दीडशे युरो जातील, पण गाडी लिफ्टवर वर गेली की तुमचं आणि त्याचं, दोघांचं बोलणं बदलतं. जर्मनीत जुन्या गाड्यांची अवस्था १ ते ५ अशा श्रेणीत सांगतात, १ म्हणजे जवळपास नवी, ५ म्हणजे पुन्हा उभी करण्यासारखी. जाहिरातीत '२' लिहिलेल्या गाड्या प्रत्यक्षात बऱ्याचदा ३ असतात. स्वच्छ, चालणारी, खऱ्या अर्थाने ३ ची गाडी नवख्यासाठी उत्तम.

मागच्या मालकाशी गप्पा मारा. माझी गाडी मी ज्या आजोबांकडून घेतली, त्यांनी प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल एका वहीत लिहून ठेवलं होतं, १९८९ पासून. लिटर, किलोमीटर, ॲव्हरेज. तीन वह्या. त्या बघितल्यावर मी भाव केला नाही.

पायरी ७ : एच-प्लेट घ्यावी का? आधी गणित करा

पहिल्या नोंदणीला ३० वर्षं झाली आणि गाडी मूळ स्वरूपात, चांगल्या अवस्थेत असेल, तर तज्ज्ञाच्या दाखल्यावर नंबराच्या शेवटी 'एच' मिळतो. मग इंजिन कितीही मोठं असो, कर वर्षाला सरसकट १९१.७३ युरो, आणि शहरांच्या पर्यावरण झोनमध्ये, जिथे एरवी कमी धुराच्या गाड्यांचा हिरवा स्टिकर लागतो, त्याशिवाय जाता येतं. दोन्ही गाड्यांचं उत्पादन संपून आता तीस वर्षं उलटली आहेत, म्हणजे वयाची अट सगळ्याच पार करतात.

पण सगळ्यांना त्यात फायदा नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेली पेट्रोल गाडी युरो १ या धुराच्या मानकात नोंदलेली असेल तर कर दर १०० सीसीला १५.१३ युरो. दोन लिटरच्या गाडीला ३०२.६० युरो. तिथे एच स्वस्त. पण आधीच्या मालकाने छोटं उपकरण बसवून ती युरो २ मध्ये आणली असेल, तर दर ७.३६ युरो, म्हणजे दोन लिटरला १४७.२० युरो. इथे एच घेऊन उलट जास्त भराल. ३२५ आयलाही युरो २ मध्ये १८४ युरो पडतात. हिरवा स्टिकर अशा गाडीला तसाही मिळतो. डिझेल १९० ची गोष्ट वेगळी. अख्खं स्टुटगार्ट पर्यावरण झोनमध्ये येतं, आणि तिथे राहणाऱ्याला एच-शिवाय तिचा उपयोग नाही.

विमा मात्र जुन्या गाड्यांसाठीचा वेगळा घ्या. त्यासाठी कंपन्या सहसा घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी असल्याचं आणि किलोमीटर मर्यादित ठेवल्याचं विचारतात. नोंदणीला जाताना विमा असल्याची खात्री देणारा ईव्हीबी क्रमांक, गाडीच्या कागदांचे दोन्ही भाग, चालू ट्यूफचा दाखला, ओळखपत्र आणि कर कापण्यासाठी बँकेचा आयबान (खात्याचा क्रमांक) लागतो.

पायरी ८ : पहिले सहा महिने

मागच्या मालकावर कितीही विश्वास असला तरी इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, सगळे फिल्टर बदला. ब्रेकचे रबरी होज बदला. पेट्रोलच्या नळ्या वाकवून बघा, भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदला, कारण गरम इंजिनावर पेट्रोल गळणं ही विनोदाची गोष्ट नाही. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. खाच कितीही खोल असली तरी दहा वर्षांचा टायर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ठेवू नका. पेट्रोल मी दोन्ही गाड्यांत पाच टक्के इथेनॉलवालं सुपर भरतो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते तेव्हा ते बरं.

आणि हिवाळा. मीठ पडायला लागलं की गाडी बाहेर काढू नका. एप्रिल ते ऑक्टोबर अशी हंगामी नंबरप्लेट मिळते, २०१७ पासून ती एच-सोबतही मिळते, आणि कर-विमा तेवढ्याच महिन्यांचा लागतो. मात्र उरलेल्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, तेव्हा आधी कोरडी जागा भाड्याने बघा. कोंदट, ओलसर बंद गॅरेजपेक्षा हवा खेळणारी उघडी शेड चांगली.

ऑक्टोबरच्या शेवटी एका कोरड्या दिवशी गाडी खालून धुवून घ्या, तासभर चालवून वाळवा, टाकी काठोकाठ भरा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, बॅटरी काढून घरी आणा. हँडब्रेक लावून ठेवू नका, पुढे लाकडी ठोकळा लावा. १९० असेल तर जॅकच्या त्या चार झाकणांच्या आत मेणाचा फवारा मारा आणि झाकणं परत नीट दाबून बसवा.